लिंबाच्या सालीची वीण: एक ओळ जमते, पुढची बिघडते

रानजाई

नमस्कार. मी दोन महिन्यांपूर्वी क्रोशाचे विणकाम शिकायला घेतले असून साखळी, मुका खांब (ठेंगणा टाका) आणि खांब (त्याहून उंच टाका) एवढे तीनच प्रकार मला आत्तापर्यंत नीट येतात. नुसत्या खांबांचे दोन चौकोनी रुमाल विणून झाले, त्यांच्या कडाही बऱ्यापैकी सरळ आल्या, म्हणून आता थोडा उठाव असलेली एखादी सोपी वीण शिकावी असे मनाने घेतले. डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीला बाळ होणार आहे. ती नाशिकला राहते आणि तिथली थंडी लक्षात घेता बाळासाठी एक मऊ, भोके नसलेले पांघरूण स्वतःच्या हाताने विणून द्यावे, अशी माझी फार इच्छा आहे.

यासाठी मी ‘लेमन पील’ ही वीण निवडली. एक मुका खांब, एक खांब, पुन्हा एक मुका खांब, पुन्हा एक खांब असे ओळभर आलटून पालटून विणायचे आणि पुढच्या प्रत्येक ओळीत तेच करायचे, अशी तिची कृती मला समजली आहे. चित्रात पाहिले तर लिंबाच्या सालीवर असतात तसे बारीक उंचवटे आणि खळगे कापडभर पसरलेले दिसतात.

माझ्या तुकड्यावर मात्र ते नीट येत नाहीत. मी २४ टाक्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ चांगली आली. दुसऱ्या ओळीत खळगे न पडता जाड-बारीक उभ्या रेघा दिसू लागल्या. तिसऱ्या ओळीत पुन्हा चित्रासारखे उंचवटे आले आणि चौथ्या ओळीत पुन्हा रेघा. आपण मुका खांब आणि खांब यांची अदलाबदल करतो आहोत की काय, अशी शंका येऊन मी प्रत्येक टाका मोठ्याने म्हणत विणून पाहिला, तरी फरक पडला नाही. शिवाय सात ओळी झाल्यावर तुकडा खाली १५ सेंटीमीटर रुंद आणि वर जेमतेम ११ सेंटीमीटर, असा दोन्ही बाजूंनी निमुळता झाला. तीन वेळा सगळे उसवून पुन्हा विणले आणि तिन्ही वेळा हाच आकार आला. लोकर आठ पदरी, गडद निळी आहे आणि सुई ४ मिलिमीटरची आहे.

आणखी एक गोंधळ आहे. मी जो व्हिडिओ पाहते त्यात या विणीसाठी ‘सिंगल’ आणि ‘डबल’ क्रोशे सांगितले आहेत, तर सासूबाईंच्या जुन्या इंग्रजी पुस्तिकेत याच विणीसाठी ‘डबल’ आणि ‘ट्रेबल’ असे छापलेले आहे. या दोन वेगळ्या विणी आहेत का, आणि मी त्यांची सरमिसळ तर करत नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोफ

रानजाई, तुम्ही ओळींचे वर्णन इतक्या नेमकेपणाने केले आहे की तुकडा न पाहताही चूक कुठे होत असावी याचा अंदाज बांधता येतो. एक ओळ बरोबर, एक चूक आणि दोन्ही बाजूंनी निमुळता आकार, ही तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात. ओळ उलटवल्यावर तुम्ही पहिला टाका सोडून दुसऱ्यात सुई घालत असाल, असे मला वाटते.

ही सवय तुमच्या रुमालांतून आलेली असावी. नुसते खांब विणताना ओळीच्या सुरुवातीला आपण तीन साखळ्या घालतो, त्या तीन साखळ्यांची उंची एका खांबाएवढी होते आणि त्यांनाच पहिला खांब मानून आपण खालचा पहिला टाका सोडून देतो. तिथे ते अगदी योग्य आहे. पण या विणीत ओळ मुक्या खांबाने सुरू होते, त्यामुळे उलटवताना एकच साखळी घालायची असते आणि ती केवळ उंची मिळावी म्हणून असते, टाक्यांच्या मोजणीत ती धरायची नसते. म्हणजे पहिला मुका खांब खालच्या अगदी पहिल्या टाक्यातच यायला हवा.

आता हा एक टाका सुटल्याने काय होते ते पाहा. पहिली ओळ २४ टाक्यांची, मुक्या खांबाने सुरू होऊन खांबाने संपलेली. तुकडा उलटवला की तो शेवटचा खांब तुमच्यासमोर पहिला येतो. तो सोडला तर तुमचा मुका खांब मुक्या खांबावर बसतो, खांब खांबावर बसतो, आणि ओळभर ठेंगण्यावर ठेंगणा, उंचावर उंच असे होऊन उभ्या रेघा तयार होतात. टाके राहतात २३, आणि ही ओळ मुक्या खांबानेच संपते. पुढच्या वेळी उलटवून तो मुका खांब सोडला की तुमचा पहिला टाका आपोआप खांबावर पडतो, म्हणून ती ओळ बरोबर दिसते आणि टाके उरतात २२. त्यानंतर पुन्हा रेघा आणि २१. या हिशेबाने सातव्या ओळीत तुमच्याकडे १८ टाके असायला हवेत. २४ टाक्यांचे १५ सेंटीमीटर, तर १८ टाक्यांचे सव्वाअकरा, आणि तुम्ही मोजलेल्या रुंदीशी हे जुळते. उसवण्याआधी एकदा प्रत्येक ओळीतले टाके मोजून पाहा, म्हणजे तुमची तुम्हालाच खात्री पटेल.

पुन्हा सुरुवात करताना २४ टाक्यांसाठी २५ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, तिसरीत खांब, आणि याच क्रमाने शेवटपर्यंत जा. शेवटच्या साखळीत खांब आला पाहिजे. तुकडा उलटवा, एक साखळी घाला, आणि समोर जो उंच खांब आहे त्याच्याच डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घालून मुका खांब विणा. शेजारी ठेंगणा मुका खांब असेल, त्यावर खांब. यापुढची प्रत्येक ओळ अशीच, मुक्या खांबाने सुरू होऊन खांबाने संपणारी. टाक्यांची संख्या सम असेल तरच हे साधते, आणि मला ही वीण शिकणाऱ्यांसाठी म्हणूनच आवडते. एखादा टाका सुटला किंवा जास्त पडला तर ती स्वतःच रेघा दाखवून तुम्हाला सांगते. नुसत्या मुक्या खांबांच्या कापडात अशी चूक दहा-दहा ओळी लपून राहते.

तुम्ही टाके मोठ्याने म्हणत विणून पाहिले, हे चांगलेच केले, परंतु त्याचा इथे उपयोग झाला नाही, कारण तोंडाने म्हटलेला क्रम बरोबरच होता. खाली तो चुकीच्या टाक्यावर बसत होता. म्हणून म्हणण्याऐवजी पाहण्याची सवय लावा. सुई घालण्याआधी खालचा टाका ओळखायचा, एवढेच. खांब उंच असतो आणि त्याच्या मध्यावर दोऱ्याचा एक तिरका वेढा कमरपट्ट्यासारखा स्पष्ट दिसतो. मुका खांब आखूड, घट्ट असतो आणि त्याला असा वेढा नसतो. वेढा दिसला की त्यावर मुका खांब, वेढा नसला की त्यावर खांब. फोन वाजल्यामुळे मध्येच हातातले काम ठेवावे लागले तरी परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो हे मग आठवावे लागत नाही.

उठाव येतो कसा, तेही सांगते, कारण ते समजले की हात आपोआप नीट चालतो. दोन ठेंगण्या टाक्यांच्या मध्ये सापडलेल्या उंच खांबाला सरळ उभे राहायला जागा मिळत नाही, तो मध्ये थोडा वाकतो आणि कापडाच्या बाहेर फुगतो. पुढच्या ओळीत त्याच्या डोक्यावर ठेंगणा टाका येतो आणि ठेंगण्याच्या डोक्यावर उंच, त्यामुळे दर दोन ओळींनी उंची सारखी होते आणि कापड सपाट राहते. उंचवटे दोन्ही बाजूंना सारखेच पडत असल्याने या विणीला उलटी-सुलटी बाजू नसते, आणि पांघरुणासाठी तर हे फारच सोयीचे आहे.

एक टाका मात्र नवख्यांना हमखास चकवतो, तो म्हणजे ओळीतला शेवटचा. आधीच्या ओळीचा पहिला मुका खांब उलटवण्याच्या साखळीला चिकटून, किंचित आडवा पडलेला असतो आणि ओळ संपली असे समजून आपण तो सोडून देतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीचा पहिला मुका खांब विणून होताच त्याच्या डोक्यात एक छोटी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. परत येताना शेवटचा खांब त्या खुणेच्या जागीच आला पाहिजे.

जुनी सुई

गोफताईंनी मूळ प्रश्नाचे निरसन केलेच आहे, मी फक्त नावांच्या गोंधळाबद्दल लिहितो. व्हिडिओतली आणि पुस्तिकेतली वीण एकच आहे. अमेरिकन पद्धतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात, आणि अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी पुस्तिकांमध्ये बहुधा ब्रिटिश नावे असतात, इंटरनेटवर मात्र अमेरिकन नावांचा भरणा अधिक आहे, त्यामुळे दोन पिढ्यांची साधने एकत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच. ओळखण्याची खूण अशी की आजच्या एखाद्या कृतीत ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द कुठेही आला तर ती अमेरिकन समजावी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो टाकाच नाही. फार जुन्या ब्रिटिश पुस्तकांत तो शब्द आढळतो, पण तिथे त्याचा अर्थ सरकता टाका, म्हणजे जवळजवळ उंचीच नसलेला टाका, असा असतो.

तुम्ही चुकून पुस्तिकेतला ‘डबल’ आणि ‘ट्रेबल’ अमेरिकन अर्थाने घेतला असता, तर खांब आणि दोन वेढ्यांचा खांब असे विणले गेले असते आणि कापड कितीतरी विरळ, लोंबते झाले असते. तसे काही तुम्ही लिहिलेले नाही, म्हणजे तुमचे टाके बरोबर आहेत.

माझे मत विचाराल तर कृती कोणत्याही देशाची असो, ती वाचून झाल्यावर वहीत मराठीत उतरवून घ्यावी. मुका खांब म्हणजे वेढा न घेता सुई आत, दोरा वर, सुईवर दोन घरे (दोऱ्याचे फासे), दोन्हींतून एकदम बाहेर. खांब म्हणजे आधी सुईवर वेढा, मग सुई आत, दोरा वर, सुईवर तीन घरे, आणि दोन-दोन करून दोनदा बाहेर. या नावांत देशागणिक फरक पडत नाही. गेली अनेक वर्षे मी याच वहीवरून विणतो आहे आणि मोजमापाखेरीज त्यात काही बदलावे लागलेले नाही.

सोनचाफा

रानजाई, मला तुमच्या गडद निळ्या लोकरीबद्दल बोलायचे आहे. गोफताईंनी सांगितलेला खांबाचा तिरका वेढा त्या रंगात, विशेषतः संध्याकाळी दिव्याखाली, दिसणार कसा? मी शिकताना काळ्या लोकरीचा मफलर विणायला घेतला होता आणि डोळ्यांना टाके दिसत नसल्याने बोटांनी चाचपून विणत राहिले. दिवसाच्या उजेडात पाहिले तेव्हा हातभर लांबीत चार ठिकाणी टाके निसटलेले होते आणि सगळा मफलर उसवावा लागला. उसवलेल्या लोकरीला कुरळेपणा येतो आणि त्यावर पुन्हा विणलेले टाके एकसारखे बसत नाहीत, हा त्यातला आणखी एक त्रास. तुम्ही ती निळी लोकर तीन वेळा उसवली आहे, तेव्हा आता ती बाजूला ठेवा. सरावासाठी फिका पिवळा, मोतिया किंवा फिका पिस्ता रंग घ्या आणि मखमली किंवा फार तंतुमय लोकर टाळा.

दुसरे असे की आठ पदरी लोकरीला ४ मिलिमीटरची सुई साध्या विणीसाठी ठीक आहे, पण या विणीला हात थोडा सैल हवा. घट्ट विणले तर खांबाला फुगायला वावच राहत नाही आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. ४.५ मिलिमीटरची सुई घेऊन पाहा. पायाच्या साखळ्या मात्र ५ मिलिमीटरच्या सुईने घाला, कारण नवशिक्यांच्या साखळ्या बहुधा आवळलेल्या असतात आणि मग तुकडा तळाशी आक्रसतो.

काही जणी तुम्हाला साबुदाण्यासारखी दिसणारी ‘मॉस’ वीण सुचवतील, म्हणजे एक मुका खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडायचा आणि पुढच्या ओळीत त्या साखळीखालच्या जागेत विणायचे. तीही सुरेख आणि सोपी आहे, पण तिच्यात बारीक फटी राहतात. ‘वॉफल’ वीण तर लोकर फार खाते आणि बाळाच्या अंगावर जड होते. बाळाची बोटे अडकू नयेत अशी, हलकी आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वीण हवी असेल तर तुमची निवड अगदी योग्य आहे, ती सोडू नका. बाळासाठीची लोकर निवडताना ती गालाला लावून पाहा. बोटांना मऊ वाटणारी लोकर गालाला बोचते असे बरेचदा होते.

रानजाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उसवण्याआधी मी टाके मोजले. २४, २३, २२, २१, २०, १९, १८. गोफताईंनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा आला. मी खरोखरच प्रत्येक ओळीत पहिला टाका सोडत होते, कारण खांबांचे रुमाल विणताना तसेच शिकले होते.

मोतिया रंगाची लोकर आणि ४.५ मिलिमीटरची सुई आणून पुन्हा विणायला बसले. पहिल्या चार ओळींना सेफ्टी पिन लावली, पुढे ती न लावताही शेवटचा टाका दिसू लागला. काल रात्री २० ओळी पूर्ण झाल्या, प्रत्येक ओळीत २४ टाके आहेत आणि तुकडा १६ सेंटीमीटरचा जवळजवळ अचूक चौकोन झाला आहे. तो खिडकीपाशी उजेडात तिरका धरला तेव्हा सगळ्या खळग्यांत बारीक सावली पडलेली दिसली आणि मी तो सासूबाईंना दाखवायला धावत गेले.

आता दोन शंका उरल्या आहेत. कडा सरळ आहेत, पण किंचित दातेरी दिसतात, त्याला काय करावे? आणि ७५ सेंटीमीटरचे चौकोनी पांघरूण विणायचे झाल्यास टाके किती घालावेत आणि लोकर किती आणावी?

गोफ

फार आनंद झाला. कडेचा दातेरीपणा ही चूक नव्हे. प्रत्येक कडेला एका ओळीत ठेंगणा आणि दुसऱ्या ओळीत उंच टाका येतो, त्याचा तो परिणाम आहे. पांघरूण विणून झाल्यावर चारही बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घाला. बाजूच्या कडांवर, जिथे ओळ मुक्या खांबाने सुरू झाली आहे तिथे एक आणि जिथे ती खांबाने संपली आहे तिथे दोन मुके खांब विणा, कोपऱ्यात तीन. कड लाटेसारखी वर-खाली झाली तर टाके थोडे कमी करा, आत ओढली जाऊ लागली तर वाढवा.

हिशेब तुमच्या तुकड्यावरूनच करावा. २४ टाक्यांचे १६ सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला दीड टाका. ७५ सेंटीमीटरला एकशे साडेबारा टाके येतात, त्याऐवजी ११२ ही सम संख्या घ्या आणि ११३ साखळ्या घाला. लोकरीसाठी हा तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. तुमच्या तुकड्याचे क्षेत्रफळ २५६ चौरस सेंटीमीटर आहे आणि पांघरुणाचे ५,६२५, म्हणजे जवळजवळ २२ पट. तुकडा १७ ग्रॅम भरला तर ३७४ ग्रॅम लोकर लागेल, कडेची फेरी आणि आधीचा सराव धरून ४५० ग्रॅम आणा. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक सगळ्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा मोतिया रंग आधीच्याशी जुळेलच असे नाही.

११२ टाके प्रत्येक ओळीत मोजणे कंटाळवाणे होईल, म्हणून पहिल्या ओळीत दर २० टाक्यांनंतर एक खूण लावा आणि ओळी वाढतील तशा त्या खुणा वर सरकवत न्या. २० टाक्यांचे पाच गट आणि शेवटी १२ टाक्यांचा एक गट होईल. हे सगळे गट सम असल्यामुळे तुम्ही कोणत्याही बाजूने विणत असलात तरी प्रत्येक खुणेनंतरचा पहिला टाका मुका खांबच असला पाहिजे. एखाद्या खुणेपाशी खांब आला तर चूक नुकत्याच संपलेल्या गटात आहे, आणि तेवढ्याच गटाचे टाके उसवले की पुरे.